बुधवारचा बर्फ

मिस्त्रींच्या सदऱ्याच्या खिशातून कायम एक पोलादी पट्टी अर्धी बाहेर डोकावत असायची, आणि ती पट्टी खोटी होती. तिच्यावर बारा इंच लिहिलेलं असायचं, पण ती बारा इंचांहून तीन-चार मिलिमीटर लांब होती. चुकून नव्हे, मुद्दाम.

मिस्त्री कोल्हापुरात उद्यमनगरातल्या फौंड्र्यांसाठी लाकडी पॅटर्न बनवायचे. जी वस्तू धातूत ओतायची, तिची हुबेहूब प्रतिकृती आधी लाकडात करायची, वाळूत तिचा ठसा घ्यायचा, आणि त्या ठशात वितळलेला धातू ओतायचा. पण धातू गार होताना आकसतो. म्हणून लाकूड आधीच थोडं मोठं करावं लागतं. दर वेळी आकडेमोड नको म्हणून या लोकांची पट्टीच वेगळी असते. तिच्यावरचे इंच आणि मिलिमीटर थोडे लांब पाडलेले असतात. या वाढीव मापाला ते ‘अलाउन्स’ म्हणतात. चाळीस वर्षं ती पट्टी वापरून मिस्त्रींचं असं ठाम मत झालं होतं, की धातूच काय, जगातली प्रत्येक गोष्ट गार झाली की आकसते, तेव्हा अलाउन्स सगळ्यालाच द्यायला हवा.

गाडी पाचची असली तर ते तीनला स्टेशनवर हजर. चौघं जेवायला येणार असली तर बायकोला, म्हणजे आमच्या चाचींना, सांगायचे, “सहांचं टाक.” कुणाचं लग्न ठरलं की नवऱ्या मुलाला बाजूला घेऊन विचारायचे, “पिरमाला अलाउन्स दिलायस न्हवं? दोन वर्सांनी बरोबर मापात बसंल.” आणि मी तावातावाने काही बोलायला लागले की हातातला रंधा खाली ठेवून शांतपणे ऐकायचे आणि शेवटी म्हणायचे, “बोल, बोल. मोठं बोल. गार झाल्यावर जेवढं उरंल तेवढं खरं.”

मी तावातावाने बोलायचे, कारण आमच्या घरात दुसऱ्या कुठल्या आवाजात बोलतच नसत. वडील कामगार संघटनेत. मंगळवार पेठेतल्या आमच्या दोन खोल्यांत पत्रकांचे गठ्ठे असायचे, आणि पत्रकांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मी बाराखडी गिरवली. सहाव्या वर्षी मला कागदाची घडी कोपऱ्याला कोपरा जुळवून घालता यायची. गप्पा मारत, न बघता, शंभर-शंभर. मजा, सहल, हौस या गोष्टी आमच्याकडे वाईट मानत नव्हते. त्या फक्त क्रांतीनंतर करायच्या होत्या.

मिस्त्री वडिलांचे जुने दोस्त. संघटनेचे सभासद होते, पण मोर्चात ते नेहमी शेवटच्या रांगेत असायचे आणि वाटेत कुणाचं दार नीट लागत नसेल तर थांबून बिजागरी बघत बसायचे. मला ते ‘पुढारीणबाई’ म्हणायचे. मी सात वर्षांची असल्यापासून.

त्यांना बर्फाचं वेड कसं लागलं ते त्यांनी मला इतक्या वेळा सांगितलंय, की ते चाक मी स्वतः बनवल्यासारखं मला वाटतं. उत्तरेकडून एक ऑर्डर आली होती. दोर बसायला कडेने खोबण असलेलं एक मोठं चाक. पॅटर्न घडवून झाला तेव्हा मिस्त्रींनी ऑर्डर घेऊन आलेल्या साहेबाला विचारलं, “ह्ये कशाचं म्हणायचं?”

साहेब म्हणाला, डोंगरावर बर्फ असतो. या चाकावरून दोर फिरतो. दोराला धरून माणसं वर जातात, मग पायाला लांब फळ्या बांधून घसरत खाली येतात.

“खालीच यायचंय तर वर कशाला जात्यात?”

“मजेसाठी,” साहेब म्हणाला.

मिस्त्री त्या शब्दावर अडकले. त्यांच्या हातून पंपांचे, ऊस गाळायच्या यंत्रांचे, इंजिनांचे पॅटर्न गेले होते. नुसत्या मजेसाठी लागणारं यंत्र त्यांनी पहिल्यांदाच घडवलं होतं. ते चाक ओतलं गेलं, ट्रकमध्ये चढलं, निघून गेलं. “माझं चाक बर्फात गेलं,” ते सांगायचे, “आन मी हितं भुश्श्यात.” त्या दिवसापासून त्यांनी ठरवलं, एकदा बर्फावर उभं राहायचं, पायाला फळ्या बांधून. चाक दिसलं तर उत्तम.

हे ऐकून माझं डोकं फिरलं होतं. मी तेव्हा कॉलेजात होते. चाक घडवणाऱ्याला डोंगर का दिसू नये? बर्फ काय कुणाच्या बापाचा आहे? मी लगेच पत्रक लिहायला घेतलं. मिस्त्री म्हणाले, “लिही की. मी तवर फोन करतो.”

ते फोन हा त्यांचा सोमवारचा धंदा झाला. आमच्याकडे कारखान्यांना सुट्टी सोमवारी असते. रविवारी सगळा देश हिंडायला बाहेर पडतो आणि आमच्या गल्लीतली माणसं डबा घेऊन कामावर जातात. यावर मी एक जळजळीत पत्रक काढलं होतं, ‘रविवार कुणाचा?’ या नावाचं. मिस्त्रींनी ते आपल्या कामाच्या शेडच्या दारावर चिकटवलं आणि मला म्हणाले, “पुढारीणबाई, रविवार घिऊन काय करायचाय? रविवारी समदीकडं गर्दी. जे साहेबलोकास्नी न्हाय गावत ते आपल्याला फुकट मिळालंय, ह्ये ध्येनात घे की.”

आणि खरोखर, त्या माणसाने माझ्या अन्यायातून सवलत शोधून काढली. मनालीच्या पुढच्या गावांतल्या लॉजवाल्यांना ते दर सोमवारी फोन लावायचे. कोल्हापुरी हिंदीत.

“पावणं, शनिवार का मत बोलो. शनिवार तुमको लखलाभ. बुधवार का बोलो, बुधवार का.”

बुधवारी त्या गावांत कुणी नसतं. शुक्रवारी संध्याकाळी दिल्लीच्या गाड्या येतात आणि रविवारी संध्याकाळी परत जातात. मंगळवार ते शुक्रवार खोल्या रिकाम्या, भाड्याचे बूट खुंट्यांवर लटकलेले, शिकवणारी पोरं शेकोटीपाशी बसलेली. हे मिस्त्रींनी उद्यमनगरात बसून, बर्फाचा कण न बघता, फोनवरून काढलं. एका लॉजवाल्याशी तर त्यांची दोस्तीच झाली. मिस्त्रींनी त्याला त्याच्या दाराची कुरकुर कशी घालवायची ते फोनवर सांगितलं होतं. तो म्हणाला, मिस्त्रीजी, आठ माणसं आणा, मंगळवारी या, शुक्रवारी जा, निम्म्या भाड्यात देतो. आठ मात्र पक्की हवीत. सातासाठी बंबात लाकडं घालणं परवडत नाही. आणि दोराने वर जायला तिकीट पडतं, पण गावामागून सफरचंदाच्या बागांतून पुढच्या गावाला जाणारा रस्ता हिवाळ्यात बर्फाने बंद होतो. त्याच्यावरून फळ्या बांधून कितीही चाला, कुणी एक पैसा मागत नाही.

“फुकट?” मिस्त्रींनी तीनदा विचारून घेतलं.

ही सगळी चौकशी आठ-दहा वर्षं नुसती चालली होती. घाई झाली ती गुडघ्यामुळे. चाळीस वर्षं उकिडवं बसून काम केलेला उजवा गुडघा बोलायला लागला. डॉक्टर म्हणाले, सांधा बदलावा लागेल, उन्हाळ्यात करून टाकू. आणि त्यानंतर घसरणं, पडणं, उड्या, सगळं बंद. मिस्त्री शेडवर आले, कॅलेंडरसमोर उभे राहिले आणि म्हणाले, “म्हंजी फेब्रुवारी. न्हायतर कवाच न्हाय.”

मग फळ्या बनवायला घेतल्या. सागाच्या. पुढचं टोक वर वळवायला लाकूड वाफेवर धरावं लागतं, त्यासाठी घरचा अंघोळीचा तांब्याचा बंब वापरला. चाची दारात टॉवेल घेऊन उभ्या. “मानसास्नी आंघोळीला पाणी न्हाय, आन फळ्यास्नी वाफ! त्यांची शादी करताय काय?” फळ्यांवर बूट बसवायला पुढे एक पकड आणि मागे टाचेला टेकणारा एक ठोकळा. लॉजवाल्याने त्याच्याकडच्या बुटांची मापं फोनवर मिलिमीटरमध्ये सांगितली होती. ती मिस्त्रींनी भिंतीवर पेन्सिलीने लिहून ठेवली होती.

सरावाला आम्ही दर सोमवारी पन्हाळ्यापलीकडच्या मसाईच्या पठारावर जायचो. हिवाळ्यात तिथलं गवत वाळून पिवळं होतं आणि इतकं निसरडं, की चालतानाही पाय जातो. मी फक्त बघायला जायचे. एसटीत कंडक्टरने पहिल्याच दिवशी अडवलं.

“ह्या फळ्यांचं लगेज तिकीट काढायला लागंल.”

“फळ्या कुठल्या? चपला हायत ह्या.”

“एवढ्या लांब?”

“पाय लांब पडत्यात आमचे. कोल्हापुरात चपलंला तिकीट लावतासा व्हय, पावणं?”

एसटी हसली. कंडक्टरने कपाळाला हात लावला आणि पुढे गेला. पुढच्या सोमवारपासून तोच फळ्या वर चढवायला हात द्यायचा.

पठारावर त्या दिवशी मिस्त्रींसोबत एकटे पैलवान होते. पैलवान म्हणजे शेजारच्या शेडमधला टर्नर. तरुणपणी तालमीत होते, आता लेथवर उभे असतात. मिस्त्रींनी कॅनव्हासचे बूट सायकलच्या ट्यूबने फळ्यांना आवळून बांधले आणि दोघं उतारावर उभे राहिले. जवळच एक धनगर मेंढरं घेऊन बसला होता.

“काय हुडकालाय?” त्याने विचारलं.

“बरफ,” मिस्त्री म्हणाले.

“हितं?”

“हितं न्हाय. पर हितनं वाट सुरू होती.”

पैलवान आधी सुटले. दहा हात नीट गेले, मग दोन्ही पाय दोन दिशांना, आणि एवढा मोठा गडी मेंढरांच्या मधोमध पाठीवर. मेंढरं फाकली. धनगर उठला, पैलवानांच्या पाठीला माती लागलीय का ते नीट वाकून बघितलं आणि निकाल दिला, “चितपट.” पैलवान तिथेच आडवे पडून पोट धरून हसत होते. पुढे मिस्त्री गेले. ते पडले नाहीत, थांबलेही नाहीत. हात पसरून, तोंड उघडं टाकून, खालच्या बांधापर्यंत जाऊन बांधाला धरून उभे राहिले. वळले तेव्हा त्यांचा चेहरा बघून मी दुसरीकडे बघितलं. अशी मजा मी कुणाच्या चेहऱ्यावर इतक्या जवळून पाहिली नव्हती, आणि ती बघायची सवय मला नव्हती.

माणसं जमवायचं काम माझ्याकडे आलं. पत्रक माझं. मी पहिला मसुदा घेऊन गेले: ‘श्रमिकांनो! हिमशिखरे मूठभरांची जहागीर नव्हेत! ज्या हातांनी चाके घडवली त्या हातांना शिखरांचाही हक्क आहे!’

मिस्त्रींनी चष्मा लावून वाचलं. “झ्याक. ह्यात गाडी कवा सुटती ते कुठाय?”

“ते शेवटी लिहीन.”

“आन गरम कपडे भाड्यानं मिळत्यात ते? बाया येऊ शकत्यात काय? पडलं तर हसणार काय कोण?” त्यांनी कानामागची पेन्सिल काढली आणि माझ्या घोषणांच्या खाली, कागदाला खड्डे पडतील असं दाबून लिहिलं: ‘मंगळवार ते शुक्रवार. निम्मे भाडे. बायकांनी जरूर यावे. पडल्यास हसतील. आपणही हसावे.’

मी चिडले. मग तसंच छापलं. आणि सांगायला हरकत नाही, माझ्या आतापर्यंतच्या पत्रकांत हे एकच असं निघालं, की ते वाचून माणसं खरोखर जागची हलली. शाहूपुरीतल्या एका सलूनच्या आरशावर ते लावलं होतं. सलूनवाले दादा आणि त्यांच्या बायकोने नावं दिली. सलून सोमवारी बंद आणि बाकीचे दिवस भाऊ बघणार. फौंड्रीतले दोघे मोल्डर भाऊ, रोज भट्टीसमोर उभे राहणारे, म्हणाले, “आयुष्यात एकदा गार वाटू दे की.” पैलवान होतेच. चाचींनी आधी “म्हातारपणी हाडं मोडून घ्याची हायत व्हय?” असं विचारलं आणि मग स्वेटर विणायला घेतला, स्वतःसाठी. मिस्त्री धरून सात झाले.

आठवं कुणी मिळेना. लॉजवाल्याने सांगितलं, सोमवारपर्यंत कळवा, नाहीतर खोल्या दुसऱ्यांना देतो. शनिवारी मिस्त्री आमच्या घरी आले. जिना चढताना गुडघा धरत होते, ते मला वरून दिसलं.

“तू यायलीस न्हवं?” ते म्हणाले.

“मी? माझं काय काम?”

“आठवी.”

मी नाही म्हणाले. कारणं भरपूर दिली. बैठक आहे. लेख द्यायचाय. आणि तत्त्वाचा प्रश्न आहे. लोक अडचणीत असताना आपण बर्फात घसरायचं हे मला पटत नाही. मिस्त्रींनी सगळं ऐकून घेतलं. मग खिशातून घडी घातलेलं माझंच पत्रक काढलं आणि माझ्यासमोर धरलं.

“ह्ये कुणी लिवलं?”

“मी.”

“ह्यात लिवलंय, शिखरावर समद्यांचा हक्क हाय. समद्यांत तू यितीस का न्हाईस?”

खरं कारण मला त्याच क्षणी दिसत होतं आणि ते तत्त्वबित्त्व काही नव्हतं. मला मजा करता येत नव्हती. सगळ्यांसमोर पडायची, लोकांनी हसायची, आणि कशासाठी तर कशासाठीच नाही, या गोष्टीची मला भीती वाटत होती. मोर्चात लाठीची वाटली नसती एवढी.

वडील कोपऱ्यात पेपर वाचत बसले होते. पेपर खाली न करताच म्हणाले, “जा की गं. आठवड्यात क्रांती झालीच तर फोन करतो.”

मी तरीही हो म्हटलं नाही. मिस्त्री पत्रक खिशात घालून जिना उतरून गेले. रविवारी मी शेडवर गेले, समजूत घालायला म्हणून. ते नव्हते. भिंतीला फळ्यांच्या आठ जोड्या उभ्या होत्या. आठवी सगळ्यांत लहान होती, आणि नवी नव्हती. लाकडावर शेडमधली धूळ बसायलाही वेळ मिळाला होता. तिच्यावर पेन्सिलीने लिहिलं होतं, ‘पुढारी’. चाची म्हणाल्या, “ती तर पैली बनवली. तू दारात चप्पल काढतीस न्हवं, तवा माप घेतलं.”

मी तिथूनच लॉजवाल्याला फोन लावला.

प्रवासाचं सांगत बसत नाही. आठवड्यातून एकदा दिल्लीला जाणारी गाडी, पुढे बस. फळ्यांवरून वाटेत प्रत्येक माणसाने चौकशी केली आणि मिस्त्रींनी प्रत्येकाला बुधवारचं महत्त्व सांगितलं. चाचींनी भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी इतकी घेतली होती की परत येईपर्यंत पुरली. त्यात अलाउन्स होता. मी पिशवीत उरलेल्या पत्रकांचा गठ्ठा टाकला होता, तिकडच्या कामगारांत वाटू म्हणून. मराठी पत्रकं. हे मला तिथे पोचल्यावर लक्षात आलं.

पोचलो त्या दुपारी मिस्त्री आधी चाक बघायला गेले. दोर फिरत होता, खांबाच्या टोकाला चाक होतं. पाच-सहा मिनिटं मान वर करून बघत उभे राहिले. मी शेजारी. मला वाटलं, आता डोळे पुसतील.

“आपलं न्हाय,” ते म्हणाले. “बाहेरच्या कुणी केलंय. कडा बघ, पॅटर्न ओढून काढताना वाळू ढासळलीय. आपलं दुसऱ्या कुठल्या डोंगरावर आसंल.” आणि वळले. “चल, फुकटची वाट बघू.”

मला त्यांच्यासाठी वाईट वाटलं. त्यांना अजिबात वाटलं नव्हतं. चाक वाईट घडवलंय एवढीच खंत होती.

बुधवारी सकाळी आम्ही आठ जण लॉजमागे बर्फात उभे राहिलो. ऊन पडलं होतं. समोर बागांतून जाणारा तो रस्ता, दोन्ही बाजूंना काळ्या फांद्यांची झाडं, आणि पायाची एक खूण नाही. कुणी नव्हतं. सगळी दुनिया कामावर गेली होती. आम्ही भाड्याचे बूट चढवले, फळ्यांवर ठेवले, आणि मिस्त्रींनी पकड दाबली.

बूट हलला. पुढे-मागे खुळखुळ. पैलवानांचा हलला, दादांचा हलला, मोल्डरांचे हलले. पाय उचलला की फळी जागेवरच. आठच्या आठ जोड्या, प्रत्येकीत सारखीच फट. तीन-चार मिलिमीटर.

मिस्त्रींनी खिशातली पट्टी काढली. फटीला लावली. मग पट्टीकडेच बघत राहिले, एखाद्या जुन्या दोस्ताने भर चौकात लाथ घालावी तसं. लॉजवाल्याने मापं साध्या पट्टीने घेतली होती. मिस्त्रींनी तीच मापं त्यांच्या पट्टीने लाकडावर पाडली होती. त्या शेडमध्ये सरळ पट्टी कधी नव्हतीच. पठारावर ट्यूबने आवळून बांधत होतो म्हणून कळलं नव्हतं. भाड्याच्या जाड बुटांवर ट्यूब पुरेना.

“लाकूड कुठं आकसतंय,” ते हळूच म्हणाले. “अलाउन्स दिला मी लाकडाला.”

कुणी हसलं नाही. पत्रकात लिहिलेलं असूनही. लॉजमधल्या फळ्या त्या दिवशी लष्कराच्या एका तुकडीने नेल्या होत्या, उद्याचं सांगता येत नव्हतं. मिस्त्री ओट्यावर बसले. उजवा पाय सरळ पसरलेला. चाचींनी विणलेली टोपी त्यांनी काढून मांडीवर ठेवली. घरापासून इतक्या लांब येऊन, बर्फाच्या हातभर अंतरावर, त्यांच्याच हातच्या चार मिलिमीटरने त्यांना अडवलं होतं.

मला सुचलं ते डोक्याने नव्हे, बोटांनी सुचलं. मी आत गेले, गठ्ठा आणला, एक पत्रक घेतलं आणि घडी घालायला लागले. अर्धं, पाव, आणखी अर्धं. कोपऱ्याला कोपरा. दोन पत्रकं एकात एक, घट्ट. भाकरीच्या प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलं आणि मिस्त्रींच्या टाचेमागच्या ठोकळ्याशी फटीत सारलं.

मिस्त्रींनी पाय हलवला. हलला नाही. पाय उचलला. फळी बरोबर उचलली गेली.

“पुढारीणबाई,” ते म्हणाले, “मापात बसलं की.”

मग मी ओट्यावर बसून सगळ्यांच्या घड्या घातल्या. चाची पिशव्या फाडून देत होत्या. आयुष्यभर पत्रकं लोकांच्या हातात दिली. पहिल्यांदाच ती पायाखाली गेली, आणि मला वाईट वाटलं नाही. ‘हिमशिखरे मूठभरांची जहागीर नव्हेत’ हे वाक्य दादांच्या बायकोच्या टाचेमागून अर्धं बाहेर आलं होतं.

“आता सगळ्यांनी मागं व्हा,” मिस्त्री म्हणाले. “धरायचं न्हाय मला कोण.”

ते निघाले. रस्त्याला जेमतेम उतार होता. दोन्ही हातांत काठ्या, डावा पाय, उजवा पाय, थोडं चालल्यासारखं, थोडं घसरल्यासारखं. पहिल्या झाडापाशी पडले. पैलवान पुढे सरसावले, चाचींनी त्यांचा दंड धरून मागे ओढलं. “ऱ्हाऊ द्या. त्येंनी सांगितलंय.” मिस्त्री उठले. दुसऱ्यांदा पडले. आता मोल्डर भावांतला धाकटा ओरडला, “चितपट न्हाय, मिस्त्री! कुशीवर पडलासा!” आणि सगळे हसले, मिस्त्री बर्फात बसल्या बसल्या सगळ्यांत मोठ्याने. तिसऱ्यांदा ते निघाले ते पडलेच नाहीत. विजेच्या पहिल्या खांबाला वळसा घालून, दगडी भिंतीच्या कडेने, दुसऱ्या खांबापर्यंत गेले. छोटे होत गेले, पण दिसत होते. तिथे थांबले आणि काठी उंच केली.

मग मी निघाले. किती वेळा पडले ते मोजलं नाही. त्यांच्यापाशी पोचले तेव्हा माझ्या कानांत, नाकात, बाह्यांत बर्फ होता आणि मला हसू आवरत नव्हतं. ते त्या खांबाला टेकून समोरच्या दरीकडे बघत होते. नाक लाल.

“कसं वाटतंय?” मी विचारलं.

त्यांनी बाहीने नाक पुसलं. मग म्हणाले, “दहा वर्सं मनात धरलंतं. मला वाटलं, हितं येऊन जरा बारकं निघंल. समदंच निघतं.” त्यांनी काठीने बर्फ टोकरला. “एवढं गार हाय, बघ. आन आकसलं न्हाय.”

उन्हाळ्यात त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. नीट झालं. शुद्धीवर आल्यावर त्यांनी डॉक्टरांना पहिला प्रश्न विचारला, नव्या सांध्याला अलाउन्स दिलाय का. आता ते मलकापूरला लेकीकडे असतात. शेड पैलवानांच्या पुतण्याने घेतली. फळ्या तिथेच भिंतीला उभ्या आहेत, आठच्या आठ, ठोकळ्यांशी माझ्या घड्या अजून तशाच. मिस्त्रींना फळ्या बांधायची परवानगी नाही. पण दर सोमवारी त्यांचे फोन चालू आहेत. या वर्षी सोळा नावं झाली आहेत, त्यात आमचे वडील आहेत. पत्रक मी लिहिलंय. गाडीची वेळ पहिल्या ओळीत आहे.

मागच्या सोमवारी मी ते पत्रक दाखवायला मलकापूरला गेले, तेव्हा त्यांच्यासाठी शाहूपुरीतून एक पट्टी घेऊन गेले. स्टीलची, नवी, बारा इंचाची. या वेळी मापं हिने घ्या म्हटलं.

मिस्त्रींनी ती उलटसुलट करून बघितली. मग खिशातून स्वतःची काढली, दोन्ही शेजारी-शेजारी टेबलावर ठेवल्या, एका बाजूची टोकं बोटाने नीट जुळवली आणि दुसरीकडची निरखली. बराच वेळ. शेवटी माझी पट्टी उचलून माझ्या हातात परत दिली.

“चांगली हाय,” ते म्हणाले. “पर जरा आखूड हाय, पोरी.”